आईच्या तळहातांविषयी

मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत देवगडला आले होते तेव्हा आई मोदकांसाठी नारळ खवत होती आणि करवंटीला तिने पदर गुंडाळला होता. तळवे लालबुंद झाले होते, पेरांवरची कातडी सुटली होती. तरीही तपासणीच्या वेळी, आई, तू डॉक्टरांना "बरं आहे" एवढेच सांगितलेस. खरे बोलले तर गोळ्या बंद होतील, ही तुझी भीती मला बाबांकडून नंतर कळली.

कॅपेसिटाबिनमुळे, म्हणजे आईच्या या कर्करोगावरच्या गोळ्यांमुळे, असा त्रास पुष्कळांना होतो. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर यासाठी एक चाचणी झाली. काहींना डायक्लोफिनॅकचे जेल आणि काहींना औषध नसलेले जेल रोज दोनदा हातांना लावायला दिले. बारा आठवड्यांत हातापायांचा मध्यम वा तीव्र त्रास औषधाचे जेल लावणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांना, तर इतरांपैकी १५ टक्क्यांना झाला. बाबा, तुम्ही गुडघ्यांना लावता तेच हे औषध. मात्र ती चाचणी त्रास होऊ नये म्हणून होती, तेव्हा फडताळातली ट्यूब आईच्या सोललेल्या कातडीवर आपल्या मनाने लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आई, डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात, ते उपचार सुरू ठेवता यावेत म्हणूनच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात ७६६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटाने आपले त्रास संगणकावर नियमित नोंदवले आणि त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा गट इतरांपेक्षा साधारण पाच महिने अधिक जगला. ते सारे पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण होते, तुझा आजार तसा नाही. पण त्रास सांगणे हाही उपचारच आहे, हे मला त्यातून पुरते पटले. तू आयुष्यभर सोसत आलीस, इथे मात्र सोसू नकोस.

बाबा, दुधाचा हिशेब लिहिता त्याच कालनिर्णयावर रोज आईचे तळवे, तोंड, जुलाब आणि जेवण यांविषयी दोन शब्द लिहा. चौदा दिवस गोळ्यांचे आणि सात विश्रांतीचे, यांत त्रास कधी वाढतो ते डॉक्टरांना त्यावरून दिसेल. कातडी फुटली, जुलाब थांबेनात किंवा ताप आला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा.

तपासणीच्या आदल्या पहाटे मी कोकणकन्येने कणकवलीला उतरेन. ते पान सोबत घेऊन जाऊ.

तुमची,
शुभा