मारावंच लागतं, तिथेच गंमत आहे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ड्राफ्ट्सचा पट आणलास हे झकास झालं. पण 'बुद्धिबळ न येणाऱ्यांचा खेळ' असं जे लिहिलंस, ते आधी पुसून टाक. नियम चटकन कळतात, एवढंच काय ते सोपं.

पट बुद्धिबळाचाच, ६४ घरांचा, पण खेळ चालतो फक्त ३२ काळ्या घरांवर. डाव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर येईल असा पट ठेव. दोघांच्या १२-१२ सोंगट्या आपापल्या पहिल्या तीन ओळींत. पहिली चाल काळ्याची. सोंगटी तिरकी, एकच घर आणि पुढेच सरकते. समोरच्याची सोंगटी पुढे तिरकी लागून असली आणि तिच्यापलीकडचं घर रिकामं असलं, की तिच्यावरून उडी मारायची आणि ती उचलायची. उतरलास तिथून पुन्हा मारता येत असेल तर त्याच चालीत मारत जायचं. पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचलेली सोंगटी राजा होते. तिच्या डोक्यावर दुसरी सोंगटी चढवतात. राजा मागेही जातो आणि मागेही मारतो, पण घर एकेकच. (मारत मारत शेवटच्या ओळीत पोचलास तर राजा झालास, पण चाल तिथेच संपली. यावरून हमखास भांडणं होतात.) ज्याच्या सोंगट्या संपल्या किंवा ज्याला हलायलाच जागा नाही, तो हरला.

आता खरी गोम. मारता येत असेल तर मारावंच लागतं. दोन-तीन वाटा असतील तर कुठली घ्यायची ते तू ठरव, पण 'नको, राहू दे' म्हणायची सोय नाही. त्यामुळे मी माझी सोंगटी तुझ्या तोंडाशी देऊन तुझी सोंगटी मला हवी तिथे आणू शकतो.

पट मांडून बघच. माझ्या डाव्या कोपऱ्यापासून तिरक्या रेषेत माझ्या तीन सोंगट्या. चौथी, त्यातल्या सगळ्यात पुढच्या सोंगटीच्या ओळीत, तिच्या उजवीकडे एक पांढरं घर सोडून. या दोघींच्या बरोबर समोर, मधली एक ओळ सोडून, तुझ्या दोन सोंगट्या. बाकी पट रिकामा धर. मी तिरक्या रेषेतली पुढची सोंगटी उजवीकडे सरकवून तुझ्या दोघींच्या तोंडी देतो. तुझ्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या, दोघींनाही ती दिसते, पण एकीची उतरायची जागा माझ्या चौथ्या सोंगटीने अडवलीय. म्हणजे दुसरीलाच मारावं लागतं, आणि ती उतरते थेट माझ्या रेषेतल्या दुसऱ्या सोंगटीसमोर. कोपऱ्यात माझी तिसरी बसलेली, त्यामुळे तिला पुढे मारता येत नाही. मग मी तिच्यावरून उडी मारतो, उतरतो तिथून तुझ्या उरलेल्या सोंगटीवरून दुसरी. एक दिली, दोन घेतल्या.

सुरुवातीला मागची ओळ सोडायची घाई करू नकोस. निदान डावीकडून दुसरी आणि चौथी तिथेच राहू दे. समोरच्याला राजा करणं जड जातं.

आणि हो, 'सोपा' म्हणतोस त्या खेळाचं गणित सोडवायला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या जोनाथन शेफर आणि मंडळींनी १९८९ मध्ये सुरुवात केली, उत्तर जाहीर झालं २००७ मध्ये. पटावर होऊ शकणाऱ्या मांडण्या ५ वर २० शून्यं इतक्या. उत्तर काय, तर दोघंही न चुकता खेळले तर डाव बरोबरीत. हा खेळ खेळणाऱ्या त्यांच्या 'चिनूक' या संगणक प्रोग्रामला १९९२ च्या सामन्यात जगज्जेत्या मॅरियन टिन्स्लीने हरवलं होतं, हे मला त्याहून आवडतं.

आपण पत्रातून डाव मांडू. काळ्याच्या बाजूने घरांना १ ते ३२ आकडे असतात, पांढऱ्याच्या शेवटच्या ओळीत २९ ते ३२. काळ्या तू घे. पहिली चाल सुचत नसेल तर ११ वरून १५ वर जा, जुनी आणि भरवशाची आहे. पुढच्या पत्रात मला फक्त चाल कळव, खुलासे नकोत.

तुझा,
अविनाश