‘अ‍ॅडम अँड पॉल’ राहून गेला

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला आयरिश चित्रपटांवरचा लेख वाचला. मार्टिन मॅकडोनाच्या ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’बद्दल लेखकाने मनापासून लिहिलं आहे आणि ते पटलंही. पण आयर्लंडच्या काळ्या विनोदाचा विषय निघावा आणि ‘अ‍ॅडम अँड पॉल’चा साधा उल्लेखही नसावा, याची चुटपुट लागून राहिली. म्हणून हे पत्र.

हा चित्रपट २००४ सालचा, लेनी अब्राहमसनचा पहिला. पुढे ‘रूम’साठी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळालं आणि आपल्याकडे त्याचं नाव झालं. त्याचा हा पहिला चित्रपट पाहिलेले मात्र मला आजवर दोघं-तिघंच भेटले. गोष्ट एका दिवसाची. डब्लिनमधले दोन गर्दुल्ले सकाळी उठतात आणि माल मिळवण्यासाठी शहरभर वणवण करतात. दीड तासाच्या आत सगळं संपतं.

सुरुवातीलाच त्यांतला एक जण उघड्यावर, टाकून दिलेल्या गादीवर जागा होतो. उठायला जातो तर उठवेना, कारण कुणीतरी त्याला गादीला चिकटवून टाकलेलं असतं. आपल्याला खदखदून हसू येतं. जाड्या-रड्या आठवतात. सॅम्युअल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ नाटकात गोदोची वाट पाहणारे ते दोघंही आठवतात, बेकेट मूळचा डब्लिनचाच. पण चित्रपट पुढे सरकतो तसं ते हसू घशात अडकायला लागतं, कारण या दोघांना घर नाही, पैसे नाहीत आणि जुने मित्रही त्यांना पाहून सावध होतात. आणखी एक गोष्ट पाहाच. या दोघांना कुणी वेगवेगळ्या नावाने हाकच मारत नाही. सगळ्यांच्या लेखी ती एक जोडी. कोण अ‍ॅडम आणि कोण पॉल, हे शेवटच्या नामावलीतच कळतं.

बाकावरच्या बल्गेरियन माणसाचा प्रसंग तर मी चार वेळा मागे घेऊन पाहिला. हे दोघं त्याला रुमानियन समजतात, तो भडकतो. तू इथे कशाला आलास, या प्रश्नावर तो उलट विचारतो, तुम्ही इथे का आहात? पैशाची भरती आलेल्या त्या काळच्या डब्लिनमध्ये हा प्रश्न दोन अस्सल डब्लिनकरांना विचारला जातो आणि त्यांच्याकडे उत्तर नसतं. त्यांच्या ओळखीच्या जनीनच्या घरातला प्रसंग याच्या अगदी उलट, हळुवार. टीव्ही चोरायला शिरलेल्या या दोघांना आत तान्हं बाळ सापडतं. ज्या हातांवर आपण दिवसभर विश्वास ठेवला नाही, त्याच हातांत ते बाळ येतं तेव्हा माझा श्वास रोखला गेला होता.

पटकथा मार्क ओ’हॅलोरनची. अ‍ॅडमही तोच झाला आहे. पॉल झालेला टॉम मर्फी हा मोठ्या ताकदीचा नट. मॅकडोनाच्याच ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन’ या नाटकातल्या भूमिकेसाठी त्याला १९९८ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला होता. २००७ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी तो गेला. त्याचं हे काम विस्मरणात जाऊ नये असं फार वाटतं.

हा विषय आपल्याला परका नाही. डब्लिनच्या गरीब वस्त्यांत हेरॉइन शिरलं ते १९८० च्या सुमारास, आणि त्याच दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली. १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिल अवचटांचं ‘गर्द’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं आहे, त्यांना हे दोघं ओळखीचे वाटतील. पण या चित्रपटात उपदेश नाही आणि व्यसनाची झिंगही रंगवलेली नाही. रस्त्यात दिसले तर ज्यांना टाळून आपण पलीकडच्या फुटपाथवर जाऊ, त्यांच्याबरोबर दिवसभर चालायला लावणं, एवढंच तो करतो.

शेवट सांगत नाही. तो सँडीमाउंटच्या समुद्रकिनाऱ्यावर घडतो. गेल्या वर्षी लेकीकडे डब्लिनला गेलो असताना ओहोटीच्या वेळी तिथे जाऊन आलो. समोर पूलबेगच्या वीजकेंद्राच्या दोन उंच लाल-पांढऱ्या चिमण्या आणि पायाखाली दूरवर ओली वाळू, सगळं पडद्यावर होतं तसंच. लेक म्हणाली, “बाबा, चला ना, गार वारा सुटलाय.” माझा पाय निघत नव्हता.

पुरवणीत या चित्रपटावर सविस्तर लिहून यावं आणि आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांनी त्याचा एखादा खेळ लावावा, ही मनापासून विनंती. भाषा शिवराळ आहे, त्यामुळे लहान मुलांना सोबत बसवू नये. डब्लिनचे उच्चार चटकन कळत नाहीत, तेव्हा इंग्रजी सबटायटल्स जरूर सुरू ठेवावीत.

आपला,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे