पऱ्हाटी कोणत्या खात्याची? उद्योगमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जैवअर्थव्यवस्थेची आखणी करताना विदर्भाला नुसता कच्च्या मालाचा मुलूख धरू नये, याबाबत.

महोदय,

हल्ली सरकारी भाषणांत ‘जैवअर्थव्यवस्था’ हा शब्द वरचेवर ऐकू येतो. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवउत्पादनाला चालना देणारं ‘बायो-ई-३’ धोरण मंजूर केलं, राज्याने २०२५ मध्ये बांबू उद्योग धोरण आणलं, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. तेल आणि कोळशाऐवजी शेतात-रानात उगवणाऱ्या मालावर कारखाने चालावेत, याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. मला विचारायचंय ते पुढचं. हे कारखाने कुठे उभे राहणार, कोणता माल कशासाठी वापरायचा हे कोण ठरवणार, आणि माल पिकवणाऱ्या मुलखाच्या हाती त्यातलं काय लागणार? कापूसवाल्याला ही शंका येणं साहजिक आहे. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वे टाकली तीच कापूस बाहेर न्यायला. गाठी गेल्या, कापड विकत घेतलं, आणि मधला सगळा पैसा दुसरीकडे राहिला.

या वेळी गाठींबद्दल बोलत नाही. पऱ्हाटीबद्दल बोलतो. शेवटचा वेचा झाला की शेतात कापसाचं जे सुकलेलं झाड उभं राहतं, ते हेक्टरी साधारण दोन ते तीन टन भरतं. राज्यातला कापूस चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास धरला, तर ही रास दरवर्षी ऐंशी लाख टनांच्या वर जाते. यातली काही चुलीत जाते, काही रोटाव्हेटरखाली मातीत, आणि बरीचशी मार्च-एप्रिलमध्ये धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून दिली जाते. पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. तिचा पार्टिकल बोर्ड होतो, जळणाच्या गोळ्या आणि ब्रिकेट (दाबलेल्या विटा) होतात, तिच्यावर धिंगरी अळिंबी (मशरूम) येते, कंपोस्ट होतं. हे तंत्रज्ञान आयात करायचीही गरज नाही. मुंबईत १९२४ साली सुरू झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने यातल्या प्रत्येकावर काम केलं आहे, आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला अमरावती रोडवर आहे.

मग अडतं कुठे? साहेब, पऱ्हाटी कोणत्याच खात्याची नाही. कृषी खात्याच्या लेखी वेचा संपला की पीक संपलं. वन खात्याचा तिच्याशी संबंध नाही, कारण ती रानात उगवत नाही. ऊर्जा खात्याला ती गोळीच्या रूपात हवी, तीही वीज केंद्राच्या फाटकावर पोचवलेली. आणि आपलं खातं उद्योजकाची वाट बघतं. उद्योजक येतो तो विचारतो : वर्षभर माल मिळेल का, किती लांबून, कोणत्या भावाने? याचं उत्तर तालुक्याच्या पातळीवर कुणाकडे लिहिलेलं नाही.

असं उत्तर काढायची पद्धत मात्र इथे नवी नाही. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखाली पुढे मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली. समितीची माणसं गावोगाव गेली. गावात काय पिकतं, काय वाया जातं, कोणाच्या हाताला कोणतं काम आहे, हे त्यांनी नोंदवलं. आधी गाव मोजायचं आणि मग कारखान्याचा विचार करायचा, असा तो क्रम होता. आज आपल्याकडे उपग्रह आहेत, पीकपेऱ्याची नोंद फोनवर होते, तरी अशी पाहणी होत नाही. आधी ‘क्लस्टर’, म्हणजे उद्योगसमूह, जाहीर होतं आणि माल नंतर शोधला जातो.

पऱ्हाटीच्या बाबतीत हा उलटा क्रम चालणारच नाही, कारण तिचं अर्थकारण अंतरावर उभं आहे. माल हलका आणि फुगीर. ट्रॉली गच्च भरली तरी वजन भरत नाही. पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे डिझेलच सगळा भाव खाऊन टाकतं. म्हणून पहिलं यंत्र गावातच हवं. पऱ्हाटीचा भुसा करणारा श्रेडर शेताच्या बांधापर्यंत गेला पाहिजे, भुसा तालुक्याच्या ठिकाणी दाबला गेला पाहिजे आणि मोठा कारखाना त्यानंतर. औद्योगिक वसाहतीत भूखंड दिला की काम झालं, ही रीत इथे उपयोगाची नाही. शिवाय माल मिळतो जेमतेम तीन-चार महिने आणि कारखान्याला तो हवा बारा महिने. तेव्हा साठवण आली, आगीची भीती आली, विमा आला. या कंटाळवाण्या गोष्टी कोणत्याही घोषणेत नसतात, पण प्रकल्प बुडतात ते यांच्यामुळेच.

यात एक मोठा फायदाही दडला आहे आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची काय दशा केली ते आपल्याला माहीत आहे. ही अळी उभ्या पऱ्हाटीवर राहिलेल्या कवडी, म्हणजे किडून नीट न उमललेल्या, बोंडांत मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात पुन्हा वर येते. डिसेंबर-जानेवारीत कापूस संपवा, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, धुऱ्यावर ढीग लावू नका, असं शास्त्रज्ञ दरवर्षी सांगतात. शेतकरी ऐकत नाही, कारण आणखी एका वेच्याची आशा असते आणि उपटायची मजुरी अंगावर येते. जानेवारीत पऱ्हाटीला दारात भाव मिळाला, तर हा सल्ला न सांगता पाळला जाईल. अट एकच : माल त्याच दिवशी भुसा झाला पाहिजे. नाहीतर कारखान्याच्या आवारातला ढीगच अळीचं गोदाम बनेल.

आता दुसरी बाजू. सगळी पऱ्हाटी उचलून नेली, तर आमच्या काळ्या मातीत काय जाणार? सेंद्रिय कर्ब तिथे आधीच कमी आहे. म्हणून किती न्यायचं आणि किती ठेवायचं, हे जमिनीनुसार ठरलं पाहिजे. चोपणाच्या (क्षारयुक्त), उथळ आणि भारी जमिनीला एकच आकडा लावता येणार नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपूरला आहे, पर्यावरणासाठी ‘नीरी’ तिथेच आहे, ग्रामीण यंत्रांसाठी वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. या प्रश्नाचा एकेक तुकडा एकेका संस्थेच्या कपाटात पडलेला आहे. त्यांना एकत्र बसवणारं कुणी नाही. विदर्भ विकास मंडळाला ते करता आलं असतं, पण मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

आणि चुलीचं काय? गॅस संपला की मजूर बाई पऱ्हाटीवरच स्वयंपाक करते. बऱ्याच गावांत उपटणाऱ्या बायकाच ती घरी नेतात, कोणी अडवत नाही. उद्या तिला भाव आला की पहिला नकार त्यांनाच मिळेल. योजनेच्या कागदावर शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलेलं दिसेल, या बाईचं सरपण गेलेलं दिसणार नाही. तिचा वाटा आधीच ठरवून ठेवा, मजुरीत किंवा मालात.

जाळण्याबद्दलही सांगतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ च्या धोरणात औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवगोळ्या मिसळायला सांगितलं. चंद्रपूर आणि कोराडी आमच्या दारातच आहेत, त्यामुळे सगळी पऱ्हाटी बॉयलरात घालायचा मोह होणार. ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी पैशाचं काम आहे. ज्या मालाचा बोर्ड होऊ शकतो त्याची राख करणं हा उद्योग कसला! आधी बोर्ड आणि अळिंबी, उरलेल्याचं खत, आणि कशालाच न चाललेलं बॉयलरला, असा क्रम अनुदानाच्या दरात दिसू द्या.

निर्णय लांबून झाले की काय होतं, हे ऊसवाल्यांना विचारा. वर्षानुवर्षं इथेनॉलचे प्रकल्प उभारा म्हणून सांगितलं, कारखान्यांनी कर्जं काढली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी ऐन गाळपात दिल्लीहून आदेश निघाला की उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका. आठवड्याभरात तो थोडा सैल झाला, पूर्ण बंधन मात्र पुढच्या वर्षाच्या हंगामापुरतं ऑगस्ट २०२४ मध्ये उठलं. साखरेचा तुटवडा होईल ही भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण पश्चिम महाराष्ट्राकडे सहकाराची ताकद होती, त्यांनी तो धक्का सोसला. आमच्याकडे असा उद्योग नुकता रांगायला लागला असताना एक परिपत्रक आलं, तर तो तिथेच संपेल.

उलट उदाहरण गडचिरोलीत आहे. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा-लेखा गावाला बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक मिळालं. बांबू तोच होता, जंगल तेच होतं. पण परवाना फाडून द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा कोणाला विकायचं आणि कितीला, हे गाव ठरवू लागलं. मुलखाचा सहभाग म्हणतात तो हा. जनसुनावणीत खुर्ची दिली म्हणजे सहभाग झाला, असं आम्ही मानत नाही.

सहकार म्हटलं की विदर्भात लोक दचकतात, कारण बंद पडलेल्या सहकारी जिनिंगचे शेड अजून डोळ्यांसमोर आहेत. तरी दुसरा रस्ता मला दिसत नाही. फ्रान्समध्ये रेंस शहराजवळ बाझांकूर-पोमाक्ल इथे बीट आणि गहू पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थांनी साखर कारखान्याभोवतीच जैवशुद्धीकरणाचं, म्हणजे पिकांपासून इंधन आणि रसायनं काढणारं, संकुल वाढवलं, संशोधनासकट. तिथेही सुरुवात साखरेपासूनच झाली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या राज्याला यात अशक्य असं काय आहे?

म्हणून विनंती अशी. हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात नागपूरला येता, तेव्हा शेतात पऱ्हाटी उभीच असते. त्यातला एक दिवस काढून वर सांगितलेल्या संस्थांच्या प्रमुखांना, चार-दोन शेतकरी कंपन्यांना आणि मजूर बायकांच्या प्रतिनिधींना एका टेबलाशी बसवा. यवतमाळ, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतला एकेक तालुका निवडून मालाची पाहणी त्या हंगामातच सुरू करा. अहवाल मराठीत काढा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. तो येईपर्यंत पऱ्हाटीवरच्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पाशी सामंजस्य करार करू नका. आणि पुढे करार कराल तेव्हा त्यात तीन कलमं घाला : माल किती अंतरातून घ्यायचा, जमिनीला परत काय द्यायचं, आणि उत्पादकांच्या कंपनीचा भागभांडवलातला हिस्सा किती.

आपला,
वर्धा जिल्ह्यातला एक कापूस उत्पादक