नाही म्हणायचे असेल तर आजच म्हणा: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय महिला व बालविकास मंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी आणि माझे पती परदेशातल्या एका अनाथाश्रमातील मुलीला दत्तक घेत आहोत. देशाचे नाव इथे लिहीत नाही, कारण तिथले न्यायालयीन प्रकरण अजून चालू आहे आणि मुलीची ओळख उघड होता कामा नये. आपल्याकडच्या ज्या कार्यालयात आमचे काम अडले आहे, त्याचेही नाव लिहीत नाही. प्रश्न एका कार्यालयाचा असता तर आपल्याला त्रास दिलाच नसता.

गेल्या आठवड्यात त्या कार्यालयाकडून दोन ओळींचा ई-मेल आला. आमची वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि पोलीस पडताळणी जुनी झाली आहे, ती नव्याने सादर करावी, तोपर्यंत या दत्तकाला भारताची मंजुरी देणाऱ्या संमतिपत्राचा विचार होणार नाही. हे कागद आम्ही दिले तेव्हा ताजे होते. ते जुने झाले ते त्यांच्या कपाटात. याच महिन्यात पत्र निघेल, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितले होते. त्या भरवशावर आम्ही तिकडे कळवले, आणि आश्रमातल्या बाई मुलीला आमचे फोटो दाखवून ‘ही आई, हे बाबा, आता येणार’ असे रोज सांगू लागल्या. आता तिला काय सांगू, असे त्या मला विचारतात. मी आपल्याला विचारते.

आम्ही मेहेरबानी मागत नाही. परदेशी दत्तकविधानाबद्दलचा 1993 चा हेग करार भारताने 2003 मध्ये मान्य केला. मूल ज्या देशात जाणार, त्याने पालक पात्र आहेत का, त्यांचे समुपदेशन झाले का, मुलाला इथे येऊन कायम राहता येईल का, हे पाहावे, असे त्याचे कलम 5 सांगते. दोन्ही देशांत दत्तकाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणांचा होकार हवा, हे कलम 17 सांगते. आपले 2022 चे दत्तक विनियमही तेच सांगतात. तिकडची प्रक्रिया तिकडच्या कायद्याने, इकडून या दोन कलमांखालची मंजुरी, मग मुलासाठी व्हिसा. तिकडचे न्यायाधीश त्या एका मंजुरीसाठी थांबले आहेत. त्याच करारात कलम 35 आहे, आणि ते एका वाक्याचे आहे: दत्तकाच्या कामात सक्षम अधिकाऱ्यांनी त्वरेने वागावे. हे वाक्य या साखळीतल्या किती जणांनी वाचले आहे?

तपासणी करू नका, असे मी म्हणत नाही. आमच्या घरी गृह अध्ययनाला आलेल्या समाजसेविकेने सगळ्या खोल्या पाहिल्या, बँकेचे कागद पाहिले, आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले. मूल हवे की मुलाला घर द्यायचे आहे, असे तिने मला रोखून विचारले. तिचा मला जराही राग आला नाही. 2007 मध्ये चाडमधून 103 मुले ‘अनाथ’ म्हणून विमानाने फ्रान्सला नेण्याचा प्रयत्न पकडला गेला, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील किंवा जवळचे नातेवाईक हयात होते. ग्वाटेमालात बाळांचा बाजार मांडला गेला, म्हणून तिथले परदेशी दत्तक बंद करावे लागले. चीनमधून तीस वर्षांत दीड लाखाहून जास्त मुले बाहेर गेली, आणि 2024 मध्ये त्यांनीही दार लावून घेतले. ही सगळी भीती मला समजते. पण कपाटात पडून राहिलेल्या फायलीमुळे कोणत्या मुलाची तस्करी थांबली, ते मला सांगा. कागद खोटे वाटत असतील तर तपासा. तपासायचे नसतील तर परत करा. तुम्ही यांपैकी काहीच करत नाही.

या मधल्या काळात मुलीचे काय होते, हे कुणाला माहीत नाही असेही नाही. रुमानियाच्या अनाथालयांतल्या 136 मुलांचा बुखारेस्टमध्ये 2000 सालानंतर वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना कुटुंबांत ठेवले, बाकीची संस्थेच्या सांभाळात राहिली. कुटुंबात गेलेली मुले सावरली, आणि दोन वर्षांची होण्याआधी गेलेली त्यांतही जास्त सावरली. आपल्या नियमांत पालकांच्या वयाची बेरीज काटेकोर मोजतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जास्तीत जास्त 85, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90. मुलाचे वय वाढते आहे, हे मोजायचा रकाना कुठल्या अर्जात आहे?

आश्रमातून येणारे व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघते. एकात ती अंगणात धावताना गुडघ्यावर आपटते. पडलेले मूल आधी इकडेतिकडे बघते, कुणी पाहिले का ते शोधते, मग रडते. ती कुणाकडेच बघत नाही. हात झटकते, उठते आणि चालायला लागते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, किती शहाणी आहे. माझ्या पोटात गोळा आला. रडून कुणी येत नाही, एवढे तिला कळून चुकले आहे. माझे पती काही वर्षे त्या देशात नोकरीला होते आणि मी त्या आश्रमात शिकवायला जात होते. त्या वेळी ही मुलगी पाळण्यात होती आणि चांगली भोकाड पसरून रडत असे.

याच कार्यालयात एका साहेबांनी मला वर्तमानपत्राचे कात्रण दाखवले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये म्हटले आहे की अमेरिकी नागरिक असलेले मूल दत्तक घेण्याचा भारतीयांना मूलभूत हक्क नाही. अहो, ते प्रकरण नातेवाइकांच्या मुलाचे होते. मूल आधीच भारतात आणलेले होते आणि दत्तकविधान इथे करून हवे होते. आम्ही तर तिकडच्या कायद्याने, तिकडच्या न्यायालयातूनच चाललो आहोत. साहेबांनी मथळ्याखालची बातमी वाचली असती तर ते त्यांना तिथेच कळले असते.

आणि सगळे विचारतात, आपल्या देशात मुले नाहीत का, बाहेर कशाला गेलात? देशात तरी काय चालले आहे? आश्रमांत मुले, बाहेर हजारो जोडपी, आणि मध्ये तीन-चार वर्षांची रांग. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला याचा जाब विचारावा लागला. जन्मदाखल्यातली चूक दुरुस्त करायला जा, वारसाची नोंद लावायला जा, निवृत्त शिक्षकाचे पेन्शन सुरू करायला जा, सगळीकडे हेच. टेबलापलीकडच्या माणसाला ‘हो’ म्हणायची भीती, कारण उद्या चौकशी झाली तर सही त्याची. ‘नाही’ म्हणायचीही भीती, कारण कारण लिहून द्यावे लागेल. न केलेल्या कामाबद्दल या देशात कुणाचे वेतन कापले गेलेले मी ऐकलेले नाही. म्हणून सगळे ‘विचाराधीन’ राहते. मुलगी घरी आली तरी तिच्या नागरिकत्वाचा अर्ज पुढे आहेच, आणि तोही अशाच एखाद्या टेबलावर जाणार.

तुम्ही महिला आणि बालक या दोघांच्या खात्याच्या मंत्री आहात. या फायलीत एक बाई आहे आणि एक बालक आहे. करारातल्या ‘त्वरेने’ या शब्दाला दिवसांत मोजलेली मुदत लावा आणि ती विनियमांत छापा. कार्यालयाच्या ताब्यात असताना मुदत संपलेला कागद पालकांकडून पुन्हा मागायला बंदी करा. नकार द्यायचा असेल तर कारणासह, सहीसह द्या. आम्ही अपात्र असू तर त्या मुलीला दुसरे घर शोधता येईल. आमच्या नावावर ती अडकून पडली आहे, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

नवी प्रमाणपत्रे आम्ही येत्या सोमवारी सादर करत आहोत. निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल, ते मला लेखी हवे आहे. तोंडी आश्वासन यापुढे घेणार नाही.

आपली,
दत्तकाच्या प्रतीक्षेतली एक आई