पाण्यात उतरायची जागा दाखवा, साहेब

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पुणे परिसरातील नद्या व जलाशयांत बिनइंजिनाच्या होड्या उतरवण्यासाठी अधिकृत जागा ठरवून देणेबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

पुण्याच्या उशाला किती पाणी आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं मिळून 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट. पलीकडे पवना, त्याच्या पलीकडे मुळशी. एवढं असूनही या शहरातल्या माणसाने स्वतःची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, विकत घेतली, तर ती पाण्यात घालायची कुठे, याचं उत्तर त्याला कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. ‘नाही’ असं उत्तर मिळालं असतं तरी चाललं असतं, निदान भांडता आलं असतं.

मागे मी एका कार्यालयात रीतसर विचारायला गेलो होतो. कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या बाईंनी चहा पाजला होता. त्यांनी दिलेल्या अर्जात इंजिन किती अश्वशक्तीचं, असा रकाना होता. कयाकला इंजिन नसतं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत जायचं, असं सांगितल्यावर त्यांनी रकान्यात ‘शून्य’ लिहायला सांगितलं. शून्य लिहिलेला अर्ज त्रुटीत निघाला.

आता खडकवासल्याचं बघा. रविवारी संध्याकाळी चौपाटीवर कणीस, भजी आणि गाड्यांची रांग. पाणी दोन हातांवर, पण खाली उतरायला धड वाट नाही. वीस-पंचवीस किलोची होडी दोघांनी धरायची आणि दगडी पिचिंगवरून, म्हणजे काठाच्या उतारावर रचलेल्या दगडांवरून, उतरायचं. धरण भरलेलं असतं तेव्हा दगड शेवाळलेले असतात. साठा खाली गेला की दगड संपतात आणि गुडघाभर काळा गाळ लागतो. त्या गाळात बाटल्यांच्या काचा असतात, म्हणून आम्ही जुने कॅनव्हासचे बूट घालून उतरतो. पानशेत रस्त्यावर गोऱ्ह्याच्या पुढे काही शेतकरी गाडीमागे पैसे घेऊन बांधावरून जाऊ देतात. सगळ्या व्यवहारात सरळ व्यवहार तेवढाच. काय मिळणार आणि काय द्यायचं, हे दोघांनाही माहीत असतं.

याच जलाशयावर पीकॉक बे या ठिकाणी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) कॅडेट शिडाच्या बोटी चालवायला शिकतात. दापोडीला सीएमई या लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रोइंगचं, म्हणजे वल्ह्यांच्या शर्यतींचं, केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, विहिरी खणणाऱ्या घरातला मुलगा, 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्सला (एकट्याने दोन वल्ह्यांनी मारायच्या शर्यतीला) उतरला आणि 2018च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक जिंकला. अभिमान वाटतोच. पण त्याच्या हातात वल्हं आलं ते फौजेत गेल्यावर. धरणांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या राज्यात मराठी पोराला वल्हं मारायला शिकायचं तर आधी भरती व्हावं लागतं.

आमच्या मागणीवर पहिली हरकत सुरक्षेची येते, आणि ती खोटी नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यातली पहिली घटना पाण्याचा अंदाज नसलेल्या पर्यटकांची. दुसरी रोजच्या वाहतुकीची, त्या लोकांना पलीकडे जायचं होतं. दोन्ही ठिकाणी लाइफ जॅकेट असतं तर काय झालं असतं, याचा विचार व्हायला हवा होता. झालं ते नेहमीचंच. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघाला, चार फलक लागले, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच आदेश. बंदी घातली की लोक पाण्यात उतरायचे थांबत नाहीत, चोरवाटेने उतरतात. आणि चोरवाटेने उतरलेल्या माणसाला वाचवायला कोणी उभा नसतो.

बंदी नको असेल तर खातं दुसरं टोक गाठतं. मोठी निविदा, ठेकेदार, जेट स्की, स्पीडबोट. 2024 मध्ये कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळ्याला जलक्रीडा केंद्र सुरू झालं. तिथल्या गावांना रोजगार मिळत असेल तर आनंदच आहे. माझं म्हणणं एवढंच, की दर वेळी कोट्यवधींचा प्रकल्प लागतोच असं नाही. खडकवासल्यात तर इंजिन नकोच. ते पाणी आपण पितो. भोपाळच्या बड्या तलावात मोटारबोटी आणि क्रूझ बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2023 मध्ये दिला, तोही पिण्याचाच तलाव. त्याच भोपाळमध्ये मध्य प्रदेश सरकारची जलक्रीडा अकादमी आहे आणि तिथे सराव केलेली प्राची यादव हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेतून कयाकिंगचं सुवर्णपदक घेऊन आली. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीला पाण्यापर्यंत पोचता येईल अशी एक तरी उतरंड आपल्याकडच्या धरणावर आहे का? मला दिसलेली नाही.

शहरातल्या नदीबद्दल लिहिताना मात्र हात आखडतो. संगमाजवळच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबने 1928 पासून वल्ह्यांची परंपरा राखली आहे. रेगाटाला, म्हणजे होड्यांच्या सोहळ्याला, काठावर गर्दी होते, पंटांची (सपाट तळाच्या होड्यांची) रचना होते, कयाक बॅले होतो, मशाली पेटतात. खाली बंडगार्डनकडे रॉयल कॅनॉट बोट क्लब तर 1868 चा. नदी नदी होती तेव्हा हे क्लब निघाले. आज त्या पाण्यात मुलं वल्हं मारतात तेव्हा अंगावर उडणारे थेंब तोंडात जाऊ नयेत म्हणून ओठ घट्ट मिटून घेतात. जलपर्णीचा थर आला की वल्ह्याचं पातं तिच्या मुळांत अडकतं, आणि ते सोडवायला हात घालावा लागतो त्या पाण्याबद्दल न बोललेलं बरं.

कारण आपल्याला ठाऊक आहे. पावसाळा संपला की खडकवासल्याचं पाणी मुठेत येतच नाही. शहराला बंद जलवाहिनीतून जातं आणि हवेली, दौंड, इंदापूरला उजव्या कालव्याने. नदीत उरतं ते आम्ही सोडलेलं सांडपाणी. नदीसाठी उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडा, असं मी म्हणत नाही. म्हटलं तर इंदापूरचा ऊसवाला मला सोलून काढेल, आणि त्याचं फारसं चुकणारही नाही. नदीत पाणी आणायचा रस्ता सांडपाणी शुद्ध करण्यातूनच जातो. जपानच्या कर्जातून महापालिकेची 396 एमएलडी (रोज 396 दशलक्ष लिटर) क्षमतेची अकरा शुद्धीकरण केंद्रं व्हायची आहेत. दुसरीकडे 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झालं आणि काठाचं काम जोरात आहे. काठ आधी नटतोय, नदी मागून येणार म्हणतात. पुराची निळी रेषा आणि लाल रेषा आपलं खातं आखतं, तेव्हा या कामात आपला शब्द चालतो. काठावर फरसबंदी करताना दर दोन-तीन किलोमीटरला पाण्यापर्यंत जाणारी साधी उतरंड ठेवा, एवढा तरी शेरा मारा. उंच भिंत बांधून झाली की ती मागणी कायमची गाडली जाईल.

आणि बंधारे. नदीवर कमी उंचीचे जे बंधारे आहेत त्यांच्याइतकी फसवी जागा दुसरी नाही. वरून बघाल तर पाणी एका रेषेत गुळगुळीत उतरताना दिसतं. खाली ते उलटं फिरतं आणि होडीला, माणसाला, ओंडक्याला तिथल्या तिथे घुसळत ठेवतं. लाइफ जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. प्रत्येक बंधाऱ्याच्या वर शंभर मीटरवर प्रवाहातून दिसेल असा फलक हवा. आजचे फलक रस्त्याकडे तोंड करून असतात.

विसर्गाचंही तसंच. पुरात आपलं खातं मोबाइलवर तासातासाला क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं ते) कळवतं, ते काम उत्तम चालतं. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचा विसर्ग 35 हजार क्युसेकपर्यंत गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून तर सगळं शहर ते आकडे वाचायला शिकलंय. मग तीच माहिती वर्षभर, आदल्या दिवशी, एका ठरावीक ठिकाणी का मिळू नये? कोलाडला बघा. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज तयार करतं आणि रवाळजेहून सकाळी कुंडलिकेत सोडलं जातं. त्या वेळेवर राफ्टिंगवाले आणि कयाकवाले आपला दिवस बांधतात, गावातल्या मुलांना गाइड म्हणून काम मिळतं. पाणी विजेसाठीच सुटतं, खेळासाठी एक थेंब जास्त लागत नाही. फक्त वेळ माहीत असते.

आमची मागणी लहान आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि पवना या चार जलाशयांवर प्रत्येकी एक जागा ठरवा. साठा कमी झाला तरी पाण्यापर्यंत पोचेल अशी दगडी उतरंड, शेजारी गाड्या लावायला मोकळी जमीन आणि एक फलक. फलकावर आजची पातळी, सांडव्यापासून किती अंतर राखायचं, मदतीचा फोन. लाइफ जॅकेटशिवाय कोणी पाण्यात दिसला तर दंड करा आणि तो खरोखर वसूल करा. सूर्यास्तानंतर बंदी ठेवा, आमची हरकत नाही. देखरेख ठेकेदाराला देऊ नका, जलाशयात जाळी टाकणाऱ्या मच्छीमार संस्थांना द्या. वारा कुठून सुटतो, बुडालेल्या गावाच्या भिंती पाण्याखाली कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. ज्यांची जमीन या पाण्याखाली गेली त्या गावांना होड्या भाड्याने देण्याचा पहिला हक्क असावा.

उजनी मात्र वेगळं ठेवा. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात त्या महिन्यांत कयाक नकोच. आमच्यातले काही फोटोसाठी थव्याजवळ जातात. त्यांची बाजू मी घेणार नाही.

लवकरच रब्बीच्या आवर्तनासाठी कालवा सल्लागार समितीची बैठक होईल. तिथे सिंचन आणि पिण्याचं पाणी यांवर भांडण होणार, ते व्हायलाच हवं. त्या विषयपत्रिकेत शेवटचा विषय म्हणून या चार जागांची पाहणी एवढी एक ओळ घाला आणि शाखा अभियंत्याला एक तारीख द्या. पाहणीला आम्ही होड्या घेऊन येऊ. साहेबांना बसायचं असेल तर दोघांची कयाकही आहे, लाइफ जॅकेट मोठ्या मापाचं आणतो.

कळावे,
आपला नम्र,
पुण्यातला एक वल्हं मारणारा नागरिक