ऑनलाइन अर्जाचा ‘सबमिट’ भरवशाचा हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी वेब ॲप्लिकेशन तयार करण्याचा व्यवसाय करतो. अर्जांच्या हंगामात राजारामपुरीतील माझ्या ऑफिसात ओळखीतली मुले अडलेले अर्ज घेऊन येतात. गेल्या महिन्यात गगनबावड्याकडची एक विद्यार्थिनी आली होती. गावातल्या अपुऱ्या रेंजवर तिने परीक्षेचा अर्ज भरला, फोटो आणि सही जोडली आणि ‘सबमिट’ दाबले. चक्र फिरतच राहिले, म्हणून तिने पुन्हा दाबले. थोड्या वेळाने पान कोरे झाले आणि वडिलांच्या मोबाइलवर शुल्क कापल्याचे दोन मेसेज आले. अर्जाची स्थिती मात्र ‘अपूर्ण’ होती. हेल्पलाइनवर तिला ऐकवण्यात आले, की बटण दोनदा दाबले ही तुमचीच चूक. ही चूक तिची नाही, अर्जाची यंत्रणा बांधणाऱ्यांची आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वेब ॲप्लिकेशनमधील प्रत्येक पत्त्याकडे, ज्याला आम्ही ‘रूट’ म्हणतो, मुख्यतः दोन कामे असतात : साठवलेली माहिती आणून दाखवणे आणि भरलेली माहिती स्वीकारणे. पहिल्यासाठी ‘गेट’ आणि दुसऱ्यासाठी ‘पोस्ट’ ही पद्धत वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेच्या १९९५ मधील २.० आवृत्तीतच फॉर्मसोबत नोंदलेली आहे. पोस्टने आलेली माहिती साठवून झाली, की सर्व्हरने, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या संस्थेकडच्या संगणकाने, ३०३ क्रमांकाचे उत्तर देऊन ब्राउझरला पोचपावतीच्या पानाकडे पाठवायचे असते. मग कोणी ते पान कितीही वेळा रिफ्रेश केले, तरी ते केवळ पुन्हा वाचले जाते, अर्ज पुन्हा जात नाही. उत्तर येण्याआधीच बटण दोनदा दाबले गेले, तर मात्र एवढ्याने भागत नाही. त्यासाठी अर्ज उघडतानाच त्याला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो आणि त्या क्रमांकाचे पैसे एकदा घेतले असतील, तर दुसरी विनंती सर्व्हरने नवी न मानता पहिल्याचीच पावती दाखवावी लागते. बटण निष्क्रिय करणे हा वरवरचा उपाय झाला. रेंज गेल्यावर माणूस पान बंद करून पुन्हा उघडणारच.

मधल्या काळात माहिती आणणे आणि पाठवणे ही दोन्ही कामे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडवर सोपवण्याची पद्धत रूढ झाली आणि अनेक ठिकाणी ब्राउझरची ही मूळ वाट सुटली. २०२१ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘रिमिक्स’ या वेब ॲप्लिकेशन बांधण्याच्या साधनाने आणि २०२२ मध्ये ‘रिॲक्ट राउटर’ या तशाच साधनाच्या ६.४ आवृत्तीने ती पुन्हा जवळ केली, याचे मला मनापासून समाधान वाटते. त्यांत प्रत्येक रूटसोबत वाचणारा ‘लोडर’ आणि स्वीकारणारा ‘ॲक्शन’ लिहिता येतो. ॲक्शन पूर्ण झाला, की पानावरचे लोडर आपोआप पुन्हा चालतात, त्यामुळे पडद्यावर जुनी स्थिती राहत नाही. रिमिक्समध्ये नीट बांधलेला फॉर्म तर जावास्क्रिप्ट डाउनलोड होण्यापूर्वी सबमिट केला, तरी सर्व्हरपर्यंत पोहोचतो. गगनबावड्यातल्या साध्या मोबाइलला नेमकी याचीच गरज आहे.

साधन कोणते वापरावे, याचा माझा आग्रह नाही. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या जुन्या भाषेतही हे सारे करता येते. मात्र एक रकाना चुकला म्हणून उरलेले सगळे पुसले जाणे थांबले पाहिजे. सर्व्हरने चूक दाखवून भरलेली माहिती जशीच्या तशी परत दिली पाहिजे.

अर्ज मागवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे, की निविदेतच चाचणीची अट घालावी : कमी रेंजमध्ये स्वस्त मोबाइलवर अर्ज भरावा, सबमिट दोनदा दाबावे, मध्येच नेट बंद करून पान पुन्हा उघडावे, आणि अर्ज एकच नोंदला गेला, शुल्क एकदाच कापले गेले, असे दिसल्याखेरीज ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये. त्या विद्यार्थिनीचे जादा कापलेले पैसे अद्याप परत आलेले नाहीत.

आपला विश्वासू,
एक संगणक व्यावसायिक, राजारामपुरी, कोल्हापूर