जाळं आम्ही कापलं तर भरपाई, डॉल्फिनने फाडलं तर? मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

नमस्कार. मी मालवण तालुक्यातला. फायबरची छोटी होडी, आउटबोर्ड इंजिन, बाबा आणि मी आणि एक खलाशी, तंगूसच्या (बारीक नायलॉन दोऱ्याच्या) जाळ्याची मासेमारी, एवढाच आमचा पसारा. हे पत्र पडवीत बसून मोबाईलवर टाईप करतोय, समोर जाळं पसरलंय आणि बाबा ते शिवतायत, आज तिसरा दिवस. शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

झालं काय तर परवा पहाटे जाळं ओढायला घेतलं, सुरुवातीला बांगडा बरा होता, मग मधेच हाताला जाळं हलकं लागायला लागलं. बाबा लगेच म्हणाले, "इलो रे." टॉर्च मारून बघतो तर जाळ्यात नुसती बांगड्याची मुंडकी अडकलेली, धड गायब, आणि पुढे भोकच भोक, एकेक एवढं की माणूस आरपार जाईल. वीसेक हातांवर फुस्स करून श्वास सोडल्याचा आवाज आला. डॉल्फिन. दोन होते, बहुतेक तीन. राग आला हे खोटं कशाला बोलू, खलाशाने तर त्याच्या आवशीबापसाचा उद्धार केला, पण बाबा म्हणाले, "तेका काय म्हायती, जाळा कोणाचा ता." आणि निमूट ओढत राहिले.

आता मुद्द्यावर येतो. 2018 च्या डिसेंबरपासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि तुमचं खातं मिळून एक योजना चालवतंय, कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि आम्ही जाळं कापून त्याला सोडलं तर जास्तीत जास्त 25 हजार भरपाई मिळते. योजना चांगली आहे, मी स्वतः कासव सोडलंय, पैसे उशिरा आले पण आले. फक्त ती ज्या प्रसंगासाठी आहे तो आमच्याकडे कधीतरी घडतो. सीझनला परत परत घडतं ते वेगळंच, डॉल्फिन अडकत नाही, तो येतो, आयतं जेवतो, जाळं फाडतो आणि निघून जातो. त्याला एक रुपया नाही. म्हणजे जाळं मी सुरीने कापलं तर भरपाई, त्याने फाडलं तर माझं नशीब! एका ऑफिसात हे विचारलं तर उत्तर मिळालं की "प्राणी अडकल्याचा फोटो किंवा व्हिडिओ आणा." अहो अडकलाच नाही तर फोटो कसला काढू, मुंडक्यांचा?

साहेब, 2025 च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, बंदरावर पेढे वाटले होते आम्ही. मग आता शेतीसारखाच न्याय लावा की. आपल्याच जिल्ह्यात दोडामार्गला 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येतायत, केळी उपटतात, माड पाडतात, भात तुडवतात, पण तिथे निदान वनरक्षक येतो, पंचनामा होतो, कमी का होईना भरपाई मिळते. हत्ती शेड्युल एकमध्ये आणि डॉल्फिनही शेड्युल एकमध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा तोच 1972 चा. हत्तीने बाग खाल्ली की नुकसान म्हणायचं आणि डॉल्फिनने जाळं खाल्लं की धंद्यातली रिस्क, हे कुठलं गणित? समुद्राला सातबारा नाही म्हणून?

तुमचे अधिकारी म्हणतील समुद्रात पंचनामा कसा करणार. समुद्रात नकोच. होडी लागते त्या बंदरावर करा. गावागावात सागरमित्र नेमलेत ना केंद्राच्या योजनेतून, ते येऊन रोजचे मासे मोजतातच, त्यांना फाटलेलं जाळं मोजायला काय हरकत आहे? इंजिनाच्या पंख्यात किंवा खडपावर फाटलेलं जाळं वेगळं दिसतं आणि डॉल्फिनने फाडलेलं वेगळं, हे बाबांसारखा कुणीही तांडेल (होडीचा प्रमुख) चिमटीत धरून सांगेल. आणि ती मुंडकी असतातच पुरावा म्हणून. खोटे क्लेम येतील का? येतील काही, हत्तीच्या नावावर पण येत असतीलच, म्हणून काय खऱ्याचं बुडवायचं?

माझा चुलतभाऊ स्वीडनला असतो, त्याला हे सांगितलं तर हसला, म्हणाला आमच्याकडे डिट्टो हेच, फक्त डॉल्फिनच्या जागी सील. तिकडे पूर्वी सील मारला की सरकार बक्षीस द्यायचं, मग पाण्यातल्या विषारी केमिकलने ते आणखी कमी झाले, मग संरक्षण मिळालं आणि आता इतके वाढलेत की जाळीवाले, गळ टाकणारे हौशी लोक, बंदूक घेऊन बदकं मारायला जाणारे आणि सील, सगळे एकाच किनाऱ्यावर. पण तिथलं सरकार मच्छीमाराला सीलच्या नुकसानीचे पैसे देतं. शिवाय पुश-अप ट्रॅप नावाचा पिंजरा काढलाय, मासे आत कडक सांगाड्याच्या खोलीत जातात, सीलचं तोंड पोचत नाही आणि ओढायची वेळ आली की हवा भरून सगळं वर आणतात. 2020 पासून तिकडे लायसन्सवर सीलची शिकार पण चालते, ते मात्र मला इथे नकोय, हे स्पष्ट लिहून ठेवतो, उगाच कुणी स्क्रीनशॉट काढून डॉल्फिन मारा म्हणतो म्हणून फिरवायला नको. तो ट्रॅपही जसाच्या तसा आपल्याकडे चालणार नाही, आपला बांगडा थव्याने फिरणारा. आणि आवाज करून पळवून लावायचं मशीन वाटू असं कुणी सुचवलं तर आधी थोड्या होड्यांवर पूर्ण सीझन वापरून बघा, कारण तिकडचे सील म्हणे काही दिवसांनी त्या आवाजालाच जेवणाची घंटा समजून येतात. डॉल्फिन काय त्याहून मठ्ठ आहे का!

डॉल्फिनची बाजू पण सांगतो, कारण बाबा मधेमधे वाचून दाखव म्हणतायत. आमच्याकडे येतो तो पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेला, जगात कमी होत चाललेल्यांच्या यादीत आहे. तो खोल पाण्यातला नाहीच, खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात राहतो, म्हणजे बरोब्बर तिथे जिथे आमच्यासारखे छोटे होडीवाले जाळी टाकतात. बाहेर परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर, आणि एलईडीवाले, म्हणजे रात्री दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करून पकडणारे. एलईडीवर केंद्राची बंदी 2017 ची, पर्ससीनवर (थव्याला घेरून उपसणारं मोठं जाळं) तुमच्याच राज्याचा आदेश 2016 चा, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की बाहेर शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. बाहेरचा मासा तिथेच उपसला गेला की आत काय येणार, जे थोडं येतं त्यावर आम्ही आणि तो. भुकेला आहे म्हणून जाळ्यावर येतो की आयतं मिळतं म्हणून येतो, ते शास्त्रज्ञांनी सांगावं, आम्हाला विचारलं तर दोन्ही.

आणि गंमत बघा, ज्याला रात्री शिव्या घालतो त्यालाच सकाळी दाखवून गावातली चार घरं चालतात. देवबागच्या संगमावर टुरिस्ट बोटी त्याच्या मागे लागतात, सगळीकडून घेरतात, इंजिन फुल, पोरं शिट्ट्या मारतात. पिल्लू बरोबर असलं की आई त्याला घेऊन बुडी मारते ती लांब जाऊन निघते. त्या बोटींना अंतराचा आणि स्पीडचा नियम घालून तो पाळायला लावा. त्यात माझा मेव्हणा पण आहे, हे वाचून तो दोन दिवस बोलणार नाही, चालेल.

ही भरपाई भीक म्हणून मागत नाहीये. बाबांच्या पिढीला डॉल्फिनचं काहीतरी वाटतं, ते काठी उगारत नाहीत. माझ्या वयाची पोरं कर्ज काढून जाळी घेतात, हप्ता चुकला की त्यांना त्याच्यात फक्त हप्ता खाणारा दिसतो, आणि रात्री समुद्रात बघायला कोण असतं.

माणूस पाठवणार असाल तर सकाळी नऊच्या आधी पाठवा, नंतर बाबा झोपतात. जाळ्याचा अर्धा भाग मी मुद्दाम तसाच ठेवायला सांगितलाय, न शिवता. पण रविवारपर्यंतच हां, सोमवारी परत टाकायचंय.

आपला,
मालवणचा एक होडीवाला